एकास वीस

कायानीच्या बालवाडीमागे एप्रिलात
अर्धा बर्फ उरतो, अर्ध्याचा चिखल होतो.
त्या चिखलात राइली गुडघ्यांवर रांगत होती,
आराखडे काढणारी, चाळिशीची बाई,
आणि मी सुतार, हातात टेप घेऊन उभा.
"इथून," ती खालून म्हणाली, "कुंपण म्हणजे नुसती भिंत.
इथून नदी नाहीच."
मग आम्ही दोन फळ्या काढल्या
तीन वर्षांच्या डोळ्यांच्या उंचीवर.
नदी लगेच आत आली.

आयुष्यभर मी सौना बांधल्या, गोठे, होड्यांचे धक्के.
कुणासाठी, असं लाकडाला कधी विचारलं नव्हतं.
ती दर खिळ्यागणिक विचारायची.
ओक्कोला दिसत नाही, तर कठडा त्याला काय सांगेल?
वळणाच्या हातभर आधी
मी पटाशीने तीन खाचा पाडल्या, कानस मारली.
तो त्यांना गाईचे दात म्हणतो.

उबाहला एका वेळी एकच माणूस सोसतो.
तिच्यासाठी वाळुंजाच्या ओल्या फांद्यांचा घुमट,
त्याला दोन दारं.
एकच दार असलं तर लपता येत नाही,
अडकता येतं.

आणि इनकेरीसाठी उतार.
वीस हात चालावं तेव्हा एक हात चढावं.
गुण्या लावून, पाणसळ लावून,
तीनदा उखडून पुन्हा केलेला.
वरती वाळूचं टेबल, खालून मोकळं,
चाकं आत सरकतील, कोपरं टेकतील असं.
इतकं नेटकं काम माझ्या हातून
बायकोच्या शवपेटीनंतर हेच.

पहिल्या दिवशी पोरं रबरी डगल्यांत बाहेर सांडली.
इनकेरी उतार चढली. टेबलाशी गेली.
वाळूत एक बोट फिरवलं
आणि खाली पाहिलं.
खाली सगळी जत्रा एका डबक्यात.
"मला तिथे."
टेबलाबद्दल चकार शब्द नाही.

राइलीचा चेहरा पडला.
माझा पडला नाही, असं कसं म्हणू.
टेल्लेर्वोबाईंनी पट्टे सोडले, तिला उचललं,
पाठीशी जुना टायर देऊन चिखलात बसवलं.
आणि कुणीतरी वरून बादली ओतली.

माझ्या उतारावरून पाणी आलं,
अगदी सावकाश, म्हाताऱ्यासारखं, काठ धरून.
एकास वीस. धाव घेत नाही.
धरण बांधायला वेळ देतं.
इनकेरी ओरडली, "अजून! थांबा! आता अजून!"
आणि ओक्को कठडा चाचपत
गाईच्या दातांपाशी थांबून
दुसरी बादली तिरपी करू लागला.
ते टेबल अजून कोरडंच आहे.
त्यावर ते जेवणाचे डबे ठेवतात.

सोमवारी मी परत गेलो, न बोलावता.
खुर्चीच्या उंचीची एक पायरी केली,
मग तिच्या निम्मी, मग जमीन,
म्हणजे तिला उतरायला कुणाचे हात लागू नयेत.
तिने बसून पाहिलं, सरकून पाहिलं,
शेवटच्या पायरीवर थाप मारली:
"ही फार स्वच्छ आहे."

नवव्या दिवशी वाळुंजाच्या दुसऱ्या दारातून
एक छोटी बादली बाहेर आली,
तिच्यामागे नुसता हात.
कुणी काही बोललं नाही.
बादली भरून तिथेच ठेवली.