पहिली खेळी कळेपर्यंत

जेल रोडवरून सर्व्हर आणला, रिक्षात मांडीवर धरून.
कुठल्याशा बँकेनं मोडीत काढलेला.
माझ्या शिकवण्यांची चार महिन्यांची फी.
"आठ डोकी आहेत मॅडम, उडेल नुसता,"
दुकानातला इमरान भिया म्हणाला,
आणि वर एक पंखा फुकट दिला.

सुदामानगर, तिसरा मजला, मे महिना.
डावातली एक अडलेली स्थिती सोडवायला
माझ्या प्रोग्रामला एका डोक्यानं चाळीस मिनिटं लागायची.
चाळीस भागिले आठ.
पाच मिनिटांच्या हिशेबानं मी चहा ठेवला.

दोन डोक्यांना लागली बावीस.
चारांना तेरा.
आठांना नऊ,
मीटरचा लाल दिवा लपालप
आणि चहाचा काढा.

रात्रभर नोंदी वाचत बसले.
कुणी झोपलं नव्हतं, आठही राबत होती.
सेकंदाला किती खेळ्या तपासल्या ते मोजलं:
जवळजवळ आठपट!
पण तिसरं डोकं हत्तीचा बळी देऊन
पंधरा खेळ्या खोल उतरलं होतं
अशा एका फांदीत,
जी पहिल्यानं घोड्याची साधी चाल तपासून संपवताच
बुडापासून गळून पडली.
त्याला आधी सांगायला हवं होतं.
पण सांगायचं काय,
हेच तेव्हा कुणाला माहीत नव्हतं.

इथे वेग म्हणजे न पाहणं.
आणि काय पाहायचं नाही
हे एक तरी बरी खेळी हाती लागल्याशिवाय कळत नाही.
तोवर आठ असा की आठशे.

रविवारी मुंगीकाका तीन जिने चढून आले.
त्यांना आलेख दाखवला. चष्मा वर करून म्हणाले,
"वृंदे, मालवा मिलमध्ये सूत गुंतलं
की नवे साहेब आठ पोरं पाठवायचे.
आठ पोरं आठ टोकं ओढणार.
मी सगळ्यांना विडी प्यायला पाठवायचो.
खरं टोक सापडलं की मग या म्हणायचं."

मी तीच स्थिती त्यांच्यासमोर पुन्हा चालवली.
काल उत्तर होतं वजीर. आज म्हणाला, प्यादं.
यंत्र तेच, पट तोच, एक अक्षर बदललेलं नाही.
फक्त सामायिक वहीत
आज कुणी दुसरंच आधी पोचलं, आधी लिहून गेलं.

"मग कालचं बरोबर की आजचं?"
"माहीत नाही, काका."
"बरं," म्हणाले. एवढंच.

सात डोकी बंद केली.
एकाला पुन्हा पहिल्यापासून बसवलं.
चाळीस मिनिटं होती.
काकांनी पिशवीतून त्यांचा लाकडी पट काढला,
सोंगट्या मांडल्या.
एक उंट कधीचा हरवलाय,
त्याच्या जागी
खोकल्याच्या बाटलीचं बूच.