झग्याच्या गळ्याआत

तिसऱ्या मजल्यावर, रंगमंचाच्या बरोबर डोक्यावर
कपडेपटाची खोली. छत्तीस वर्षं माझी.
खाली वाद्यं सुरात लावायला घेतली
की इथे टाचण्यांच्या डब्या थरथरतात.

ऑपेराचा इतिहास हवाय ना तुला, लेनार्ट?
खालच्या दालनात संगमरवरावर कोरलाय तो सोड,
तिथे राजे आहेत, आणि पैसे दिलेली माणसं.
राणीचा हा हिरवा झगा उतरव. दोन्ही हातांनी, जड आहे.
गळ्याआत बघ.

पट्ट्या. एकीखाली एक, अस्तरावर शिवलेल्या.
ज्या ज्या बायकांनी हा अंगात घातला, त्यांची नावं.
सगळ्यात वर, वळणदार शाईत: ओ. रीडेझेल, १८८७.
जुनं थिएटर जळालं त्या रात्री एल्बे गोठली होती,
बंबात पाणी नव्हतं,
कुणीतरी हा खिडकीतून बर्फात फेकला.
काठाचा वास घे. लोक म्हणतात, धूर.
मला विचारशील तर डांबरगोळ्या.

ट्राउटे वीनहोल्ट, १९०९.
बाजूची शिवण चार बोटं सोडलेली,
पोटुशी होती म्हणे.
पुन्हा आत घेतलेली नाही.
का, ते विचारायला कुणी उरलं नाही.

मग ही जागा.
बोट फिरव. टोचल्याच्या खुणा, चारी बाजूंनी, ओळीत.
सात वर्षं इथे एक नाव होतं.
तेहतीसच्या मार्चमध्ये कार्यालयातून यादी आली, टाईप केलेली.
यादीतल्यांनी उद्यापासून येऊ नये.
संध्याकाळचा खेळ मात्र ठरलेला होता,
झगा तर हवाच होता.

नाव मला माहीत आहे. दप्तरात आहे,
पिवळ्या कार्यक्रमपत्रिकेत आहे: एल्झे रोझेनश्टोक.
पण पट्टी म्हणजे नुसतं नाव नसतं.
तिला मानेचा घाम लागलेला असतो.

नीट बघ, कापलेलं नाही. उसवलंय.
एकेक टाका, सुईच्या टोकानं,
डावऱ्या हातानं.
क्लूगहार्टबाई डावऱ्या होत्या. तेव्हा सोळा वर्षांच्या.
मी आले, त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला उसवायला शिकवलं.
शिवायला काय, म्हणाल्या, कुणालाही येतं.

युद्धात झगे मिठाच्या खाणीत गेले.
इथे छप्पर पडलं, झुंबर पडलं.
त्या हिवाळ्यात खेळ व्यायामशाळेत, तिकीट कोळशाची एक वीट,
पहिल्या रांगेला दोन.
पडदा नव्हता. पडद्याचे ओव्हरकोट
गावभर हिंडत होते.
गाणाऱ्यांच्या तोंडातून सुराआधी वाफ यायची.
ही शेहेचाळीसची पट्टी, पिठाच्या पोत्याची.

मग आमचं जनतेचं राज्य. पट्ट्या छापील.
मारेन ब्रोयटिगाम, १९८३.
दौऱ्यावर ग्राझला गेली ती परतलीच नाही.
दुसऱ्या दिवशी कार्यालयातून फोन.
मी सुई घेतली.
क्लूगहार्टबाई शेजारी बटणं मोजत बसल्या होत्या.
त्यांनी वर पाहिलं नाही. मीही नाही.
"अस्तर ताणू नकोस," एवढंच म्हणाल्या.

भिंत पडल्यावर मारेनचं नाताळचं कार्ड आलं.
मी पट्टी परत शिवली. तीच.
माझ्या डब्यात होती, सहा वर्षं.
ती दुसरी सापडली नाही.
क्लूगहार्टबाई गेल्यावर त्यांचे डबे मीच आवरले.
बटणं. नुसती बटणं.

परवा सो हे-रिन मापाला आली,
सोलची, एवढीशी, आवाज मात्र वरच्या गॅलरीच्या कठड्यापर्यंत.
म्हणाली, माझी पट्टी इतकी खाली का,
वर जागा रिकामी आहे की.
आहे, म्हटलं. पण ती कुणाचीतरी आहे.
तिनं मान हलवली. समजलं की नाही, कोण जाणे,
तिचं जर्मन अजून कच्चं आहे,
आणि माझंही, अशा वेळी.

टाचण्या थरथरू लागल्या.
चल, बाही दीड सेंटिमीटर आत घ्यायची आहे.