नमुना संख्या

ग्रिम्सबीत चारलाच अंधार पडतो.
सदतीस दारं वाजवली,
सव्वीस उघडली नाहीत,
एकाच्या आडून कुत्रा बोलला.

कालच मेल आला:
संमतीपत्राची आवृत्ती जुनी,
आधीचे एकोणीस अर्ज बाद.
म्हणजे एकोणीस जणांचा खोकला,
पलंगामागच्या बुरशीचे एकोणीस नकाशे
झालेच नाहीत असं धरायचं.

इफेओमा म्हणाली, रडून घे,
पण हातमोजे काढू नकोस.

अडतिसावं दार डोरीनबाईंचं.
मासळीच्या गोदामात तीस वर्षं,
आता उशाशी इनहेलर.
प्रश्न सातवा: खोकल्यानं रात्री झोप मोडते का?
मोडते, म्हणाल्या. आणि तुझी?
माझी कशानं मोडते
याला फॉर्मात रकाना नव्हता.
मी नुसतंच हो म्हटलं.

त्यांनी मीटरकडे पाहिलं,
दोन पौंड चाळीस उरले होते.
तरी हीटर लावला,
आणि माझ्या पायांकडे वळवला.

सही थरथरती, पण नव्या कागदावर.
नमुना संख्या: एक.
आठवा प्रश्न होता, घर उबदार ठेवणं परवडतं का.
तो मी लगेच विचारला नाही.
मोजे वाळेपर्यंत
आम्ही दोघी आळीपाळीनं खोकत बसलो.