पोच

पहिला आराखडा माझाच होता. नाकारत नाही.
क्लाक्सविकच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्यावरच्या खोलीत
मी फळ्यावर सगळी बेटं काढली
आणि प्रत्येकातून प्रत्येकाकडे रेघ.
लिलाव विचारणार बोटीला, बोट विचारणार हवामानाला,
ट्रक विचारणार बोगद्याला,
आणि उत्तर येईपर्यंत
ज्यानं त्यानं दारात उभं राहायचं.
सुन्निवा म्हणाली, "जाळ्यासारखं दिसतंय."
ते कौतुक नव्हतं,
हे मला नोव्हेंबरात कळलं.

नोव्हेंबरात स्विनोयचा धक्का बोलेनासा झाला.
मूठभर घरं, एक संगणक, आणि वारा.
त्याच्या एका उत्तरासाठी लिलाव थांबला,
लिलावासाठी बँक, बँकेसाठी ट्रक.
चाळीस टन कॉड पेट्यांत पडून
आणि बर्फाचं आपलं पाणी होत चाललेलं.
हांनुसच्या कचेरीवरची एक तार तुटली
आणि सगळा देश खोळंबला.

मग फळा पुसला.
मधोमध फक्त एक रांग ठेवली.
निरोप टाका, पोच घ्या, कामाला लागा.
उत्तर येईल तेव्हा येईल.
प्रत्येकाच्या दाराशी त्याचा त्याचा प्लगइन,
मालकाची बोली बोलणारा:
बोटीचा खारट, सागरी मैलांत मोजणारा,
बँकेचा कडक इस्त्रीचा,
हेलिकॉप्टरचा फक्त हो किंवा नाही.
एकच निरोप दोनदा आला
तर मासा दोनदा विकायचा नाही,
हे लिहायला एक ओळ लागते,
शिकायला आम्हाला सहा हजार क्रोन लागले.

पुढे शेटलंड जोडलं,
आइसलंडचे दोन धक्के,
बर्गनचा एक गोदामवाला, सतत घाईत.
रांगेला त्याचं काही नाही.
पंगतीत पान वाढलं, इतकंच.

वाट पाहणं वेगळं आणि वाट अडवणं वेगळं,
असं मी माहितीपत्रकात लिहिलं होतं.
सुन्निवानं ते खोडून
वर लिहिलं: टाइमआउट, तीस सेकंद.

आणि जे निरोप कुणीच घेत नाही
त्यांच्यासाठी कोपऱ्यात एक टोपली.
तीनदा प्रयत्न, मग टोपली.
शुक्रवारी दुपारी कॉफी घेऊन मी ती उपसते.
बहुतेक वेळा हसू येतं:
वजन, उणे चार किलो.
बोटीचं नाव, बोट.
तारीख, एकतीस फेब्रुवारी.

त्या शुक्रवारी त्यांच्या खाली:
स्विनोय. धक्का. हांनुस.
वजनाच्या रकान्यात,
"बोट सुटणार नाही. मारित उठत नाहीये."
बुधवार, पहाटे चार वाजून दहा मिनिटं.

दुसरा रकानाच नव्हता त्याच्याकडे.
मी दिलेला नव्हता.

प्लगइननं वाचलं: हा आकडा नाही.
पुन्हा वाचलं. पुन्हा.
मग नेमून दिल्याप्रमाणे, विनातक्रार,
ठेवून दिलं.
कुणाचं काही अडलं नाही.
लिलाव वेळेवर. ट्रक वेळेवर.
भिंतीवरचा आलेख दोन दिवस हिरवागार.
हेच तर मागितलं होतं मी.

पोचसुद्धा गेली होती त्याला.
नोंदीत दिसते: निरोप मिळाला, धन्यवाद.
ते वाक्य मीच लिहिलेलं,
मार्चमध्ये, घाईघाईत, जेवायच्या सुट्टीआधी.

मी फोन उचलला.
पलीकडे घंटा वाजत राहिली.
सुन्निवा काहीतरी विचारत होती,
मला ऐकू येत होतं, घेता येत नव्हतं.
कॉफी गार झाली.
दुसरं काहीही न करता मी उभी,
कानाशी फोन धरून, दारात,
माझ्याच पहिल्या आराखड्यासारखी.

खाली बर्फाचा पट्टा खडखडत होता.
तीस सेकंद केव्हाच उलटून गेले होते.