पत्ता तीन

माझं दुकान कानांचं. माटुंग्याला, जिन्याखाली,
छत्र्या दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी.
लोक येतात ते बहुतेक बायकोने पाठवलं म्हणून.
धैर्यवान आले ते बुटांच्या खोक्यात इंजिन घेऊन.

"तुमचं सोल्डरिंग बारीक असतं," म्हणाले,
"कानात मावतं, तर यात मावेल."
वीतभर डिझेल, निळं, स्वतः रंगवलेलं,
चाळीस वर्षं मुकं.
रुळात जेवढी वीज तेवढाच त्याचा जीव.
आता, म्हणाले, वीज कायम वाहणार सगळ्यांसाठी,
हुकूम मात्र नावानिशी जाणार:
ज्याचा पत्ता, त्यानेच ऐकायचं.

चार स्क्रू. पोटात शिशाचा ठोकळा.
तो कानसला, तेव्हा कुठे
खडीसाखरेएवढ्या स्पीकरला जागा झाली.
"आवाज हवा तर वजन जाणार," मी सांगितलं,
"चढावर चाकं घसरतील."
"डबे कमी लावू," ते म्हणाले, लगेच,
जणू हे त्यांनी आधीच कुठेतरी मान्य केलेलं.

लाल, काळी रुळाला. नारिंगी, करडी मोटरला.
मोटर सांगाड्यापासून तोडायची,
धातूला धातू लागला की चिप जळते
आणि धूर आला की दुकानदार परत घेत नाही,
लॅमिंग्टन रोडचा तर नाहीच नाही.
पहिल्यांदा "पुढे" म्हटलं तर मागे गेलं.
आम्ही दोघं हसलो. वायरी बदलल्या.

मग आवाज. चिपमध्ये भरून आलेला, परदेशातला.
धैर्यवानांनी बरा कान खाली नेला.
दोन हजारांच्या वरचं त्यांना काही येत नाही,
तक्ता मीच काढलाय, उजवी रेघ
कड्यावरून पडल्यासारखी.
तरी म्हणाले, "हे घसा खाकरतंय.
आपलं असं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी कॅसेट आणली.
कॉटन ग्रीनची खिडकी, चौऱ्याऐंशी साल,
खाली गोदीकडे जाणारं शंटिंगचं डिझेल,
रात्री दीड वाजता.
मला हवे होते तीन सेकंद, स्वच्छ,
शेपटी तोंडात धरून फिरत राहतील असे.
सापडले. पण त्याच्या आधी,
घरघरीच्या वर चढून, एक माणूस:
"अरे गप्प बसा रे मेल्यांनो,
इथे रेकॉर्डिंग चाललंय!"

मी त्यांच्यासाठी तो तुकडा खाली ओढला,
जाड केला, त्यांच्या रेघेच्या आत आणला.
दोनदा ऐकून म्हणाले,
"कोण हा नालायक? सगळी टेप नासवली."
मी काही बोलले नाही.
तिसऱ्यांदा ऐकताना
बोटं बटणावरच राहिली.

"केवढा कडक होतो हो मी," म्हणाले.
आणि थोड्या वेळाने, "दारात मुलंच होती.
इंजिन बघायला आलेली."

सात नंबरच्या बटणावर ठेवलं ते.
सहावर ब्रेकची किंचाळी, त्यांच्या उपयोगाची नाही,
पण पाहुण्यांना लागते म्हणाले.
सातवर इंजिन थांबतं, थरथरतं,
आणि कुणाला तरी गप्प करतं.

शेवटी पत्ता विचारला.
कारखान्यातून येताना प्रत्येक चिपचा पत्ता तीन असतो,
सगळे बदलतात, नाहीतर दोन इंजिनं
एकाच हुकमाला निघतात.
"तीनच राहू दे," म्हणाले. "दुसरं घेणार कोण आता?
आणि आमच्या खोलीचा नंबरही तोच,
बिल्डर पाडेपर्यंत."

निघताना दारात वळले.
माझं यंत्र, दोन वर्षं त्यांच्या ड्रॉवरमध्ये,
रुळांच्या खिळ्यांत पडलेलं,
खिशातून काढून काउंटरवर ठेवलं.
"याचंही काही करा. शिट्टी मारतं."
मी झाकण उघडलं. आत बॅटरी उलटी.