उजवा गुडघा

बालेवाडीच्या फिजिओ-खोलीत
सुयोग ढमालेचा गुडघा माझ्या मांडीवर.
वर, एसीत, त्याचा भाव ठरतोय.

"चढाईवाला दोन हंगामांत झिजतो,
त्यापेक्षा डाव्या कोपऱ्यावर पैसा लावा."
खोटं नाही.
अहवाल मीच दिलाय.

"किती म्हणतायत?" तो विचारतो.
मी बर्फ दाबून धरतो.
सत्तावीस वर्षांचा गडी,
आणि वाटी सरकली
की भाजक्या पापडासारखी वाजते.

काल शेवटच्या चढाईत
चौघं पायाला लोंबकळत असताना
यानं बोटाच्या पेरानं मधली रेष शिवली.
तेव्हा वरचे सगळे
खुर्च्यांवर चढून ओरडत होते,
मीसुद्धा.

तेवढं एक पेर
अहवालाच्या कुठल्या रकान्यात भरू?

बर्फ वितळला.
तो अजून विचारतोय.