मूळच्या कुठल्या?

कृत्तिका माने हिचा पुढचा दात, वरचा, डावा,
कमाटीबागेत घसरगुंडीच्या लोखंडावर आपटला
आणि पाच महिन्यांनी राखाडी झाला.
बर्फाची कांडी टेकवली. "काही लागतंय?"
नऊ वर्षांच्या पोरीनं नुसती मान हलवली.

एक्स-रेत मूळ अर्धवट.
भिंती पापडासारख्या, टोक उघडं,
रॉकेलच्या नरसाळ्यागत.
असल्या दातात नेहमीचं भरण भरलं
तर आज निभावतं,
आणि एखाद्या दिवशी भाकरवडी चावताना
हिरडीशीच मोडतो.

तीन आठवडे आत औषध ठेवलं.
आज भूल दिली, पण रक्तवाहिन्या न आवळणारी,
कारण आज मला रक्तच हवं होतं.

पाच वर्षं कॉलेजात रक्त थांबवायला शिकले.
आणि आता बारीक सुई मुळाच्या पलीकडे,
दोनच मिलिमीटर, जिवंत मांसात नेऊन
टोचते आहे: ये.
काही नाही.
पुन्हा.
"लोही आव्युं, बेन!" जिज्ञासा ओरडली,
दोन दिवसांनी नळाला पाणी आल्यासारखी.

मग पंधरा मिनिटं काही करायचं नसतं.
विरजण लावलेलं पातेलं हलवत नाहीत.
खाली दांडिया बाजारात कुणीतरी
स्कूटरला किक मारत होतं, मारतच होतं.
दाराशी उभे कृत्तिकाचे वडील म्हणाले,
"डॉक्टर, तुम्ही मूळच्या कुठल्या?"
इथलीच.
"तसं नव्हे. मूळच्या?"
वाईच्या बाजूचं कुठलंसं गाव, पणजोबांचं.
मी पाहिलेलं नाही.
"आमचंही तसंच," म्हणाले,
आणि स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

गुठळी धरली. वर पांढरं सिमेंट, ओला बोळा.

सहा महिने. बारा. अठरा.
उजेडावर फिल्म धरते, तर भिंती जाडावलेल्या,
टोक मिटत आलेलं.
आत नेमकं काय वाढलंय?
पूर्वीचं ते नव्हे. हाडाच्या नात्यातलं काहीतरी.
पुस्तकंसुद्धा इथे आवाज खाली आणतात.
रंग मात्र राखाडीच;
शाळेच्या फोटोत ती ओठ मिटून हसते.

पुन्हा बर्फाची कांडी.
"काही लागतंय?"
तिनं बराच वेळ घेतला.
"लागत नाही. पण आहे, असं वाटतं."

कार्डावर असा रकाना नसतो.
मी "नाही" लिहिलं,
आणि पुढे पेन्सिलीनं एक टिंब.